शिवराळ साक्षीदार आणि त्याचे श्रोते

गाणाऱ्याचें चरित्र लिहिलें जातें, गाण्याचे शब्द ग्रंथांत छापले जातात, वाद्यांचा आणि यंत्रांचाही इतिहास कोणी ना कोणी लिहून ठेवतो. पण तें गाणें ज्यांच्या कानांवर पडलें त्यांनीं त्याविषयीं काय म्हटलें, याची नोंद ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. वस्तुतः एखाद्या कृतीचें समाजांतील स्थान ठरतें तें श्रोत्यांच्या मतांवरून. कृति सौम्य असली तर श्रोत्यांचें एकमत लवकर होतें व सांगण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. परंतु जी कृति एकाच वेळीं खरें बोलते आणि घाणही बोलते, जी ऐकतांना एखाद्या तरुणाला आपल्या दुःखाला वाचा फुटली असें वाटतें व त्याच्याच शेजारीं बसलेल्या त्याच्या बहिणीला भर चवाठ्यावर आपला अपमान झाला असें वाटतें, अशा कृतीच्या श्रोत्यांचा इतिहास मुळापासून पाहण्यासारखा असतो. अमेरिकेंत १९९० सालीं निघालेली एक ध्वनिमुद्रिका हें याचें ठळक उदाहरण होय.

ता. १६ मे १९९० रोजीं लॉस एंजेलीस शहरांतील आइस क्यूब या टोपणनांवाच्या तरुणाचा पहिला स्वतंत्र गीतसंग्रह 'प्रायॉरिटी रेकॉर्ड्स' या कंपनीनें बाजारांत आणला. त्या दिवशीं त्याला एकविसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. संग्रहाचें नांव 'अमेरिकाज मोस्ट वॉन्टेड', म्हणजे अमेरिकेचें सरकार ज्याच्या मागावर आहे असा अट्टल फरारी. फरारी गुन्हेगारांचा माग काढण्यासाठीं याच नांवाचा एक कार्यक्रम तेथील टेलिव्हिजनवर १९८८ पासून चालू होता. मात्र या तरुणानें नांवांत एक लहानसा फेरफार केला. 'अमेरिका' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील 'सी' हें अक्षर काढून त्याजागीं त्यानें तीन 'के' घातले. कू क्लक्स क्लॅन ही काळ्या लोकांवर अत्याचार करणारी गोऱ्यांची कुप्रसिद्ध गुप्त संघटना. तिच्या नांवाचीं आद्याक्षरें हींच. गुन्हेगार कोणता आणि त्याला शोधूं पाहणारा कोणता, हा प्रश्न अशा रीतीनें वेष्टनावरच विचारलेला होता.

ज्या श्रोत्यांनीं हा गायनप्रकार कधीं ऐकला नसेल त्यांच्यासाठीं एवढें सांगणें अवश्य आहे कीं, रॅप म्हणजे चाल लावून गाइलेलें गीत नव्हे. वाद्यांच्या तालावर, यमकें जुळवीत, वेगानें केलेलें तें पद्यमय भाषण होय. आपल्याकडील शाहीर पोवाडा गातां गातां मध्येंच चाल सोडून तालांत बोलूं लागतो, तसाच कांहींसा हा प्रकार; मात्र येथें आरंभापासून अखेरपर्यंत बोलणेंच असतें. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागांत १९७३ च्या सुमारास तरुणांच्या नाचगाण्याच्या मेळाव्यांतून त्याचा उगम झाला. पुढें त्यांत अनेक पंथ निघाले. त्यांपैकीं 'हार्डकोर' म्हणून ओळखला जाणारा पंथ रस्त्यावरची भाषा कांहीं न गाळतां वापरणारा, आणि करमणुकीपेक्षां पोलीस, तुरुंग, टोळ्या व पिस्तुलें यांविषयीं अधिक बोलणारा होता.

ही भाषा आकाशांतून पडली नाहीं. लॉस एंजेलीसच्या दक्षिण भागांतील काळ्या वस्तीला एके काळीं कारखान्यांतील पगारी कामाचा आधार होता. साउथ गेट येथील फायरस्टोन टायरांचा कारखाना १९८० सालीं बंद पडला. तेथलाच जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना १९८२ सालीं बंद झाला. बापाला जें काम मिळालें तें मुलाला मिळेनासें झालें. त्याच दशकांत कोकेनपासून तयार होणाऱ्या 'क्रॅक' नांवाच्या स्वस्त मादक पदार्थाचा व्यापार गल्लोगल्लीं पसरला व त्या पैशावर टोळ्या पोसल्या जाऊं लागल्या. पोलिसांनीं १९८७ पासून 'ऑपरेशन हॅमर' या नांवानें सरसकट धरपकडीचें सत्र आरंभिलें. १९८८ च्या एप्रिलांत एका शनिवार-रविवारच्या आंत चौदाशेंहून अधिक माणसें पकडलीं गेलीं, आणि त्यांतील बहुतेकांना आरोपावांचून सोडून द्यावें लागलें. ज्या वस्तींत चोर आणि शिपाई दोघांचेंही भय सारखेंच वाटतें, त्या वस्तीच्या तोंडची बोली गोड असावी अशी अपेक्षा करणें व्यर्थ होतें.

आइस क्यूबचें खरें नांव ओशे जॅक्सन. त्याचा जन्म १५ जून १९६९ रोजीं याच वस्तींत झाला. शाळेंत टंकलेखनाच्या तासाला एका सोबत्यानें आव्हान दिलें म्हणून त्यानें पहिलें रॅप लिहिलें. माध्यमिक शिक्षणासाठीं तो बसमधून दूरच्या सुखवस्तु उपनगरांतील शाळेंत जात असे. म्हणजे ज्या दोन प्रकारच्या श्रोत्यांनीं पुढें त्याला ऐकलें, त्या दोघांचींही घरें त्यानें लहानपणींच पाहिलीं होतीं. नंतर ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स येथें वास्तुरेखाटनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही त्यानें पुरा केला. परत आल्यावर 'एन.डब्ल्यू.ए.' या पथकाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या संग्रहासाठीं त्यानें पुष्कळशीं पद्यें लिहिलीं. त्यांतील पोलिसांना उघड उघड शिव्या देणाऱ्या एका गाण्यामुळें ऑगस्ट १९८९ मध्यें एफ.बी.आय. या मध्यवर्ती पोलीस खात्याच्या एका अधिकाऱ्यानें कंपनीला नापसंतीचें पत्र धाडलें. सरकारी खात्यानें एका गाण्याविषयीं श्रोता या नात्यानें आपलें मत लेखी कळवावें, हा प्रसंग विरळाच म्हटला पाहिजे. त्याच वर्षाच्या अखेरीस पैशाच्या हिशेबावरून व्यवस्थापकाशीं वांधा येऊन आइस क्यूब पथकांतून बाहेर पडला.

एकटा पडलेला हा तरुण न्यूयॉर्कास गेला. तेथें 'पब्लिक एनिमी' या पथकासाठीं संगीत रचणारी 'बॉम्ब स्क्वॉड' नांवाची मंडळी होती. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील दोन-दोन चार-चार क्षणांचे तुकडे यंत्रानें उचलावयाचे, त्यांची पुनरावृत्ति करावयाची, एकावर एक असे अनेक थर रचावयाचे, आणि त्यांत पोलिसांच्या मोटारीचे भोंगे, बातम्या देणाऱ्याचा आवाज, गर्दीचा गलबला मिसळावयाचा, अशी त्यांची पद्धति होती. डिसेंबर १९९१ मध्यें न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानें मूळ मालकाच्या परवानगीवांचून असे तुकडे घेणें ही चोरी ठरविली. त्यानंतर इतके तुकडे विकत घेऊन संग्रह रचणें कोणालाच परवडेना. त्यामुळें या संग्रहाचा नाद एका विशिष्ट काळाचाच होऊन राहिला आहे.

संग्रहाचा आरंभ तुरुंगांत होतो. विजेच्या खुर्चीकडे चालत जाणाऱ्या कैद्याचीं पावलें ऐकूं येतात. पुढें एका गाण्यांत एक तरुण मैत्रिणीच्या घरीं बसला असतां त्या घरांतील मादक पदार्थांच्या धंद्यावर पोलिसांची धाड पडते व तोही पकडला जातो; ही हकीकत इतक्या बारकाईनें सांगितली आहे कीं, ऐकणाऱ्याला खोलींतील मळकी पोरेंसुद्धां दिसतात. दुसऱ्या एका गाण्यांत लहान मुलांच्या परीकथा वस्तींतील गुंडांच्या कथा होतात. 'पब्लिक एनिमी'चा प्रमुख चक डी याच्याबरोबर म्हटलेल्या एका गाण्यांत काळा तरुण हा नामशेष होत चाललेला प्राणी आहे असें रूपक आहे. येथपर्यंत साक्षीदार बोलतो. परंतु त्याच संग्रहांत एका मुलीच्या गरोदरपणाविषयींचें एक गाणें आहे. त्यांतील निवेदक तिला लाथ मारण्याचा विचार बोलून दाखवितो. स्त्रियांचा उल्लेख तर ठिकठिकाणीं शिवीनेंच केलेला आहे. ज्या तोंडांतून साक्ष निघते त्याच तोंडांतून ही घाण निघते, आणि श्रोत्यांची खरी अडचण येथूनच सुरू होते.

या संग्रहाचा एक विशेष असा कीं, श्रोत्यांचा आक्षेप त्यांत आधींच घालून ठेवलेला आहे. आरंभींच्याच एका गाण्यांत जमाव कवीचें नांव घेऊन एकमुखानें त्याला शिवी हासडतो. आणि मध्येंच एक स्त्री त्याला अडवून, तूं ही शिवी कोणाला देतोस, असा जाब विचारते. पुढें 'इट्स अ मॅन्स वर्ल्ड', म्हणजे 'हें जग पुरुषांचें', या गाण्यांत योयो नांवाची विशीच्याही आंतली एक मुलगी कवीसमोर उभी राहते व प्रत्येक फुशारकीला तोडीस तोड उत्तर देते. आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडांत जसे सवाल-जबाब झडत, तसाच हा सामना आहे, आणि त्यांत ती मुलगी हार जात नाहीं. पुढें १९९१ सालीं तिचा स्वतःचा संग्रह निघाला, तो आइस क्यूबच्याच साहाय्यानें. आणि काळ्या स्त्रियांचा स्वाभिमान राखण्यासाठीं तिनें एक संघटनाही स्थापिली. शिव्या देणाऱ्यानेंच उत्तर देणारीला व्यासपीठ दिलें, ही गोष्ट त्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. पण उत्तर एका गाण्यांत आणि शिव्या अनेक गाण्यांत, हा हिशेबही विसरतां येत नाहीं.

आतां बाहेरच्या श्रोत्यांकडे वळूं. हा संग्रह लोकांपर्यंत पोंचला तो रेडिओच्या मदतीवांचून. बहुतेक मोठीं केंद्रें असलीं गाणीं लावीत नसत. काळ्या श्रोत्यांसाठीं चालणारीं केंद्रेंसुद्धां प्रेमगीतेंच पसंत करीत. संग्रहांत रेडिओ बंद करा असें सांगणारें एक स्वतंत्र गाणेंच आहे, तें या रागापोटीं. लॉस एंजेलीसमध्यें के.डी.ए.वाय. नांवाचें एक केंद्र रॅपला वाहिलेलें होतें. पण तेंही मार्च १९९१ मध्यें हा मार्ग सोडून व्यापारविषयक भाषणांकडे वळलें. तेव्हां प्रसार झाला तो मोटारींतील कॅसेटींवरून व एकानें दुसऱ्याला सांगण्यावरून. तरीही 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादींत संग्रह एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत चढला, कांहीं महिन्यांतच पांच लाख प्रतींच्या सुवर्णमानास पात्र ठरला आणि १९९१ सालीं दहा लाखांच्या मानालाही पोंचला.

या यादीचीही एक गोष्ट आहे. तोंपर्यंत ती दुकानदारांना टेलिफोनवरून विचारून तयार केली जात असे, आणि दुकानदार आपल्या आवडीप्रमाणें किंवा मालाच्या साठ्याप्रमाणें आंकडे सांगत. २५ मे १९९१ पासून गल्ल्यावरील यंत्रानें नोंदलेली प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊं लागली. पुढच्याच महिन्यांत 'एन.डब्ल्यू.ए.'चा नवा संग्रह यादीच्या शिरोभागीं जाऊन बसला. जें संगीत एका वस्तीपुरतें आहे असें समजलें जात होतें, तें देशभर विकत घेतलें जात होतें, हें तेव्हां कुठें सिद्ध झालें. आइस क्यूबचा पहिला संग्रह या सुधारणेच्या एक वर्ष अगोदरचा. म्हणून त्याच्या श्रोत्यांची खरी गणती झालीच नाहीं असें म्हणावें लागतें.

त्या श्रोत्यांतील पहिला वर्ग म्हणजे त्याच्या वस्तींतील व तशाच इतर वस्त्यांतील तरुण. त्यांना हें वर्तमानपत्रच वाटलें. चक डी यानें रॅपला काळ्या लोकांची स्वतःची वृत्तवाहिनी म्हटलें होतें, तें याच अर्थानें. वस्तींत रोज घडणारी गोष्ट कोणी तरी नांवानिशीं सांगितली, यांतच त्यांचें समाधान होतें. शिव्या त्यांना खटकल्या नाहींत, कारण त्या त्यांना घरच्या होत्या. जाणकारांच्या वर्गानें यांत आणखी एक गुण पाहिला. न्यूयॉर्कच्या रसिकांचा कल पश्चिम किनाऱ्यावरील कवींना कमी लेखण्याकडे होता. येथें पश्चिमेची बोली आणि पूर्वेचें संगीत एकत्र आलें. या क्षेत्रांतील वजनदार मासिक 'द सोर्स' यानें संग्रहाला पांचांपैकीं पांच गुण दिले, आणि हा मान तें क्वचितच कोणाला देई.

दुसरा वर्ग उपनगरांतील गोऱ्या मुलांचा. पहिल्या वर्गाला हें वर्तमानपत्र, तर यांना ती साहसकथा होती. नोव्हेंबर १९९१ मध्यें 'द न्यू रिपब्लिक' या नियतकालिकांत डेव्हिड सॅम्युअल्स या लेखकानें असें प्रतिपादन केलें कीं, या संगीताचा मुख्य ग्राहक गोरा उपनगरवासी तरुण असून, काळा मनुष्य जितका भयंकर रंगवावा तितका माल त्याला अधिक विकला जातो. या मतांत सत्यांश आहे, हें नाकारतां येत नाहीं. मात्र त्यावरून सगळे गोरे श्रोते तमासगीरच होते असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. कित्येकांना आपल्या घरापासून थोड्याच मैलांवर काय चाललें आहे याची पहिली वार्ता या कॅसेटींनींच दिली.

तिसरा वर्ग वडीलधाऱ्यांचा. वॉशिंग्टनमधील प्रतिष्ठित घराण्यांतील कांहीं महिलांनीं १९८५ सालीं गाण्यांतील अश्लीलतेविरुद्ध चळवळ आरंभिली होती. तिचें फळ म्हणून १९९० सालीं अशा संग्रहांवर पालकांना सावध करणारी एकसारखी काळी-पांढरी चिठ्ठी लागूं लागली. आइस क्यूबचा संग्रह निघून तीन आठवडे होतात न होतात तोंच, ६ जून १९९० रोजीं फ्लॉरिडांतील एका न्यायाधीशानें 'टू लाइव्ह क्रू' या पथकाचा संग्रह अश्लील ठरविला व तो विकणाऱ्या एका दुकानदाराला अटक झाली. वरिष्ठ न्यायालयानें १९९२ सालीं हा निर्णय फिरविला. परंतु गोऱ्या प्रतिष्ठितांपेक्षां काळ्या वडीलधाऱ्यांचा विरोध अधिक मर्मभेदी होता. १९९३ सालीं हार्लेममधील पाद्री कॅल्विन बट्स यांनीं असल्या कॅसेटींवर रोडरोलर फिरविण्याचा बेत जाहीर केला. मार्टिन लूथर किंग यांच्याबरोबर मोर्चांत चाललेल्या सी. डेलोरेस टकर यांनीं पुढें या संगीताविरुद्ध देशभर मोहीम चालविली. काळा मनुष्य म्हणजे गुंड आणि काळी स्त्री म्हणजे बाजारबसवी, ही गोऱ्यांनीं रंगविलेली प्रतिमा पुसण्यांत त्यांच्या पिढीचा जन्म गेला होता. आणि आतां आपलींच नातवंडें तीच प्रतिमा पैशासाठीं पुन्हां रंगवीत आहेत असें त्यांना दिसत होतें. या दुःखाला जुनाटपणा म्हणून हिणविणें सोपें आहे, पण बरोबर नाहीं.

आणि चौथा वर्ग स्त्रियांचा. या साऱ्या वादांत सर्वांत कठीण जागीं उभ्या होत्या त्या काळ्या स्त्रिया. गाण्यांतील पोलीस त्यांच्याच भावांना बडवीत होता. गाण्यांतील शिवी मात्र त्यांनाच लागत होती. हा प्रश्न शब्दांपुरता नव्हता. १९९० च्या अखेरीस टेलिव्हिजनवरील रॅपच्या एका कार्यक्रमांत आइस क्यूब आपल्या जुन्या साथीदारांची टर उडवीत असल्याचा भाग दाखविला गेला. त्याचा राग धरून 'एन.डब्ल्यू.ए.'मधील डॉ. ड्रे यानें जानेवारी १९९१ मध्यें त्या कार्यक्रमाची निवेदिका डी बार्न्स हिला एका मेजवानींत मारहाण केली. न्यायालयांत त्यानें आरोपाचा प्रतिवाद केला नाहीं. आणि आपण दुखविलेल्या स्त्रियांची जाहीर क्षमा मागण्यास त्याला २०१५ साल उजाडावें लागलें. दोन पुरुषांचें भांडण आणि मार खाणारी तिसरीच एक स्त्री. गाण्यांतील भाषा प्रत्यक्षांत उतरली म्हणजे काय होतें, तें या एका प्रकरणांत दिसून आलें.

तरीही या स्त्रियांनीं ध्वनिमुद्रिका फेकून दिली नाहीं. तरुणपणीं तुरुंगवास भोगून १९७२ सालीं निर्दोष सुटलेल्या अँजेला डेव्हिस यांनीं १९९१ सालीं आइस क्यूबची भेट घेऊन त्याच्याशीं दीर्घ संभाषण केलें. तें पुढच्या वर्षीं 'ट्रान्झिशन' या नियतकालिकांत छापून आलें. तुझ्या बोलण्यांत नेहमीं काळे पुरुषच येतात, काळ्या स्त्रिया कोठें आहेत, असें त्यांनीं त्याला सरळ विचारलें. बेल हुक्स या विदुषीनेंही त्याच्याशीं संवाद केला, आणि 'आउटलॉ कल्चर' या १९९४ च्या ग्रंथांत तिनें असें प्रतिपादिलें कीं, या गाण्यांतील स्त्रीद्वेष हा कांहीं काळ्या तरुणांनीं शोधून काढलेला पदार्थ नव्हे. तो साऱ्या समाजांत मुरलेला आहे, आणि शिक्षा मात्र सर्वांत दुबळ्या अपराध्याला करून समाज मोकळा होऊं पाहतो. त्याचबरोबर तरुणांचा अपराध तिनें माफही केला नाहीं. कायद्याच्या प्राध्यापिका किंबर्ली क्रेनशॉ यांनीं 'टू लाइव्ह क्रू'च्या खटल्यानिमित्त १९९१ सालीं लिहिलेल्या निबंधांत हीच कोंडी मांडली: काळ्या कवींवरच खटला भरणें हा वर्णद्वेष, आणि वर्णद्वेषाचें निमित्त करून त्यांच्या शिव्यांवर पांघरूण घालणें हा स्त्रियांवरील अन्याय. ट्रिशिया रोझ यांनीं १९९४ च्या 'ब्लॅक नॉइज' या ग्रंथांत योयोसारख्या स्त्रीकवींविषयीं लिहितांना दाखवून दिलें कीं, त्या पुरुषांशीं केवळ भांडत नाहींत, तर संभाषण करतात. भांडून उठून गेल्या तर वस्तींतलें आपलें स्थानच त्या गमावतील.

संग्रह निघाल्यानंतर दोन वर्षांच्या आंत काळानेंही आपलें मत दिलें. ३ मार्च १९९१ रोजीं रॉडनी किंग या काळ्या माणसाला लॉस एंजेलीसच्या पोलिसांनीं रस्त्यावर झोडपलें. एका शेजाऱ्यानें तें चित्रित केलें म्हणून जगाला दिसलें. २९ एप्रिल १९९२ रोजीं पंचांनीं मुख्य आरोपांतून पोलिसांना मोकळें केलें आणि त्या शहरांत दंगल पेटली. पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. जे श्रोते आइस क्यूबला अतिशयोक्तीचा दोष देत होते त्यांपैकीं पुष्कळांनीं आतां जुनी कॅसेट काढून पुन्हां ऐकली, आणि ज्याला आपण बडबड म्हणत होतों ती पूर्वसूचना होती असें त्यांना वाटलें. पण याच दंगलींत कोरियन लोकांचीं शेंकडों दुकानें जळालीं, आणि १९९१ सालच्या त्याच्या दुसऱ्या संग्रहांत कोरियन दुकानदारांना दुकानें जाळण्याची धमकी देणारें गाणें होतें, याचीही आठवण श्रोत्यांना झाली. त्या गाण्याबद्दल त्यानें कोरियन व्यापाऱ्यांकडे पूर्वींच खेद व्यक्त केला होता. परंतु एकदां निघालेला शब्द परत घेतां येत नाहीं. पूर्वसूचना आणि चिथावणी यांच्यामधली सीमा किती पातळ असते, हें श्रोत्यांना त्या तीन-चार दिवसांत उमगलें.

मराठी वाचकाला हा वाद सर्वस्वीं परका नाहीं. कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहरीं १९६६ सालीं स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचें नांव घेऊन १९७२ सालीं मुंबईंत दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्या संस्थापकांपैकीं नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह त्याच सुमारास विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्यांतील शब्द ऐकून पांढरपेशा वाचक दचकला. शब्दांतील घाण ही अगोदर त्या जागेची आहे आणि नंतर कवीची, हा धडा त्यालाही हळूहळूच शिकावा लागला. मात्र तेवढ्यावरून जागेची घाण कोणाच्या अंगावर फेकली जाते हा प्रश्न सुटत नाहीं. तो तेथें सुटला नाहीं, तसा येथेंही नाहीं. आज मुंबईच्या वस्त्यांतील मुलें मराठींत व हिंदींत रॅप म्हणतात, तेव्हां तोच प्रश्न त्यांच्याही श्रोत्यांपुढें येऊन ठेपला आहे.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. शिवराळ कवि चित्रपटांत नट झाला, आणि कालांतरानें मुलाबाळांसह पाहण्याजोग्या विनोदी चित्रपटांतूनही दिसूं लागला. २०१६ सालीं 'एन.डब्ल्यू.ए.'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेनें आपल्या मानकऱ्यांत घेतलें. २०१७ सालीं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा संग्रह जतन करण्यायोग्य राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादींत नोंदविला. ज्या सरकारच्या एका खात्यानें १९८९ सालीं निषेधाचें पत्र धाडलें, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यानें अठ्ठावीस वर्षांनीं तें ध्वनिमुद्रण तिजोरींत ठेवलें.

एवढ्या मतांतरांतून निष्पन्न काय झालें, असें कोणी विचारील. ज्यांनीं सर्वच फेकून द्या म्हटलें त्यांनीं साक्ष गमावली. १९९२ सालीं त्यांना जें आकस्मिक वाटलें तें त्यांना दोन वर्षें आधीं सांगितलें जात होतें. ज्यांनीं सर्वच गोड मानून घेतलें त्यांनीं शिव्यांची किंमत दुसऱ्यांना, बहुधा स्त्रियांना, द्यावयास लावली. साक्ष आणि शिवी एकाच तोंडची असली तरी त्यांची नोंद वेगवेगळ्या खात्यांत करावी लागते, हें जाणून ज्यांनीं शेवटपर्यंत ऐकलें, आणि ऐकून झाल्यावर तोंडावर जाब विचारला, त्याच श्रोत्यांनीं या ध्वनिमुद्रिकेला योग्य न्याय दिला. अशा श्रोत्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या, आणि त्या ध्वनिमुद्रिकेकडून त्यांनाच सर्वांत कमी मिळालें होतें. सन्मानांच्या याद्यांत त्यांचीं नांवें नाहींत. ध्वनिमुद्रिकेवर मात्र कवीला मध्येंच अडवून जाब विचारणारा तो स्त्रीचा आवाज अजून जसाच्या तसा आहे, आणि तें गाणें लावणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावाच लागतो.